रिपोर्ट नॉर्मल, मग आईला मनाचाच आजार ना?

हा प्रश्न मला महिन्यातून दोनतीनदा तरी येतो, की ताई शुगर थायरॉईड सगळं नॉर्मल आहे तरी माणूस उठत नाही, मग हे डिप्रेशनच ना. दरवेळी नसतं हो.

अमळनेरकडच्या एक मावशी आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय), पन्नाशीच्या, सोबत मुलगा. कानबाईचे रोट (खानदेशातला श्रावणातला सण) झाले आणि त्यानंतर मावशींनी अंथरूणच धरलं, जेवण जाईना, मळमळ, उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी. मुलगा म्हणे मनाला लावून घेतलंय तिने काहीतरी. मावशी एवढंच बोलल्या, "ताई, माले काहीच सुधरत नही."

गोळ्या चालू होत्या का विचारलं तर नाही म्हणाल्या. निघताना मात्र पिशवीतून एक पुडी काढली, पेपरचा कागद, आत बारीक पांढऱ्या गोळ्या, नाव ना गाव. गुडघ्यासाठी दीड वर्ष घेत होत्या. तोंड गोल झालं तर भाऊबंद म्हणे तब्येत सुधरली! मग कुणीतरी शुगर वाढेल म्हटलं, म्हणून कानबाईच्या तोंडावर एका दिवसात बंद.

मला स्टेरॉईडचा संशय आला, म्हणजे शरीरातल्या कॉर्टिसॉल हार्मोनसारखं काम करणारं औषध. काउन्सेलिंग बाजूला ठेवून त्याच दिवशी फिजिशियनकडे पाठवलं. सकाळी आठच्या रक्तात कॉर्टिसॉल खूप कमी, ते बनवायचा हुकूम देणारं एसीटीएच हार्मोनपण कमी.

मुलाला मी शेतातल्या भाषेत सांगितलं. मेंदूखालची पिट्यूटरी एसीटीएच सोडते, म्हणजे स्टार्टर दाबते, मग किडनीवर बसलेल्या अॅड्रीनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात, पहाटे-सकाळी जास्त, मध्यरात्री अगदी कमी. टाकी भरली की स्टार्टर आपोआप बंद. आता बाहेरूनच स्टेरॉईडचा टँकर ओतत राहिलात तर पिट्यूटरीला वाटतं टाकी भरलेलीच आहे, ती दाबतच नाही, आणि बिनकामाची अॅड्रीनल सुकत जाते. टँकर एकदम थांबला की मोटार लगेच कुठून चालणार? कधीकधी महिने लागतात.

डॉक्टरांनी मोजून स्टेरॉईड पुन्हा सुरू केलं, हळूहळू कमी करणार. ताप आला तर डोस वाढवायला विचारायचं, उलट्या होऊन गोळी पोटात टिकेना तर सरळ दवाखाना, हे एका कार्डावर लिहून पाकिटात ठेवायला लावलं.

आठ दिवसांनी मावशी स्वतः चालत आल्या. मुलगा गप्प होता, दीड महिना तो आईला "मन घट्ट कर" म्हणत होता ना. मावशींचा प्रश्न वेगळाच, "ते सगळं ठीक, पण गुडघा अजून दुखस, त्याचं काय?"