वाचकांचे प्रश्न : फॉर्म हरवलेल्या खेळाडूला संघात घ्यावे का?

प्रश्न : मी निवृत्त क्रीडाशिक्षक आहे. माझ्या हाताखाली शाळेत सॉफ्टबॉल खेळलेली पोट्टी आता शेती सांभाळतात, पण हंगामात सकाळी पावणेआठच्या सुमारास पानठेल्यावर जमून मोबाइलवर लॉस एंजेलिस डॉजर्सचा बेसबॉल सामना पाहिल्याशिवाय वावरात जात नाहीत. २०२५ साठी डॉजर्सने मायकेल कॉन्फोर्टो हा आउटफिल्डर (मैदानाच्या दूरच्या भागातला क्षेत्ररक्षक) घेतला. तो वर्षभर चाचपडत राहिला, तरी संघ विश्वविजेता झाला. अर्धी मंडळी म्हणतात की पैसे पाण्यात गेले, अर्धी म्हणतात की निर्णय योग्यच होता. विजेतेपदानंतरही भांडण मिटलेले नाही. आपण निवाडा करावा.
(एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : गुरुजी, निवाडा मागितलाच आहे तर स्पष्ट देतो. डिसेंबर २०२४ मध्ये कॉन्फोर्टोला घेण्यात काही गैर झाले नाही. गैर झाले ते त्याला जवळजवळ संपूर्ण हंगाम डाव्या आउटफिल्डमध्ये खेळवत राहण्यात. पानठेल्यावर या दोन गोष्टींची सरमिसळ होत असावी, असा आमचा कयास आहे.

करार एकाच वर्षाचा होता आणि रक्कम होती १ कोटी ७० लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १४४ कोटी रुपये. त्या मोबदल्यात १३८ सामन्यांत १२ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे सीमेपार जाणारे फटके) आणि ०.१९९ ची सरासरी पदरात पडली. क्रिकेटच्या सरासरीची सवय असलेल्या वाचकांसाठी सांगायला हवे की, बेसबॉलमध्ये सरासरी म्हणजे फटका मारून बेस (धावेच्या वाटेवरचा थांबा) गाठण्यात फलंदाजाला किती प्रमाणात यश आले याचा हिशेब. दहा प्रयत्नांत तीनदा जमले की तो उत्तम फलंदाज समजला जातो, आणि दहात दोनदाही जमले नाही की त्याची जागा धोक्यात येते. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, चार चेंडू बाहेर टाकल्यामुळे फुकट मिळालेला पहिला बेस या हिशेबात धरत नाहीत, म्हणून केवळ सरासरीवरून खेळाडूला निकालात काढू नये, हे खरे. पण कॉन्फोर्टोच्या बाबतीत बाकीचे आकडेही त्याच्या मदतीला येण्यासारखे नव्हते.

मग डॉजर्सने त्याच्यात काय पाहिले? आधीची दोन वर्षे तो सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे होता. तो डावखुरा फलंदाज, आणि डावखुऱ्याचा जोरकस फटका सहसा उजव्या आउटफिल्डकडे जातो. जायंट्सच्या मैदानावर नेमकी त्याच बाजूची भिंत २४ फूट उंच आहे आणि समुद्राची थंड, जड हवा तिच्या जोडीला असते. २०२४ मध्ये त्याने २० होमरन मारले, त्यांपैकी बहुतेक बाहेरच्या मैदानांवर. त्यावरून मैदान बदलले की हा माणूस फुलेल, असा अंदाज बांधणे तर्काला धरूनच होते. त्यापूर्वी खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे २०२२ चे संपूर्ण वर्ष त्याने घरी बसून काढले होते, हेही डॉजर्सला ठाऊक होते. अंदाज चुकला, पण तो आंधळा नव्हता.

या वादात कोडी बेलिंजरचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण तोही आउटफिल्डर आणि तोही याच डॉजर्सचा. २०१९ मध्ये ४७ होमरन मारून तो नॅशनल लीगचा (अमेरिकी बेसबॉलमधील दोन लीगपैकी एक) सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये लीगच्या अंतिम फेरीतील निर्णायक सामन्यात त्याने होमरन मारला आणि तो साजरा करताना किके हर्नांडेझ या सहकाऱ्याच्या हातावर हात इतक्या जोरात आपटला की त्याचा उजवा खांदाच निखळला. शस्त्रक्रियेनंतरच्या हंगामात त्याची सरासरी ०.१६५ वर आली, त्यापुढच्या वर्षी ०.२१० वर रेंगाळली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये डॉजर्सने त्याला पुढचा करार न देता मोकळे केले. शिकागो कब्ज या संघाने त्याला एका वर्षासाठी १ कोटी ७५ लाख डॉलरला घेतले. रक्कम आणि मुदत जवळपास कॉन्फोर्टोइतकीच आहे, हे लक्षात घ्यावे. बेलिंजरने मात्र २०२३ मध्ये ०.३०७ ची सरासरी आणि २६ होमरन काढून दाखवले. दोन स्ट्राइक पडले (तिसऱ्याला फलंदाज बाद होतो) की पूर्वीसारखी जीव खाऊन बॅट फिरवायची नाही, आटोपशीर फटका मारून चेंडू खेळात ठेवायचा, असा बदल त्याने केला होता. दीडशे किलोमीटर वेगाचा चेंडू पिचरच्या हातून सुटून साधारण चार दशांश सेकंदात फलंदाजापाशी येतो. तेवढ्या अवधीत लांब घुमाव घ्यायचा की आखूड, हे आधीच ठरलेले असावे लागते.

बैलबाजारात लंगडणारा बैल दिसला की जाणता शेतकरी आधी त्याचा खूर उचलून पाहतो. काटा रुतला असेल तर भाव पाडून घेतो, सांधा गेला असेल तर पुढच्या दावणीकडे वळतो. बेलिंजरच्या खुरात काटा होता. कॉन्फोर्टोच्याही आहे असे वाटले, पण वयाच्या बत्तिशीत पोचलेल्या शरीराचा वेग मैदान बदलून परत येत नाही.

बेसबॉलमधील करारांची एक अट आपल्या पोट्ट्यांना सांगावी. खेळाडू खेळो वा न खेळो, त्याला मध्येच काढून टाकले तरी ठरलेली पूर्ण रक्कम द्यावीच लागते. म्हणून फॉर्म हरवलेल्या माणसाशी चार-पाच वर्षांचा करार करणे हा जुगार ठरतो, तर एका वर्षाचा करार फसला तरी फास गळ्यात राहत नाही. आणि डॉजर्स हा अमाप पैशाचा संघ आहे. छोट्या शहरातल्या संघाने याच रकमेची हीच चूक केली असती, तर आम्ही इतक्या उदारपणे लिहिले नसते.

आता कॉन्फोर्टोला खेळवत ठेवण्याविषयी. जुलै अखेरीस संघाने वॉशिंग्टनच्या संघाकडून अॅलेक्स कॉल हा दुसरा आउटफिल्डर मिळवला, म्हणजे कॉन्फोर्टोवरचा भरवसा उडाल्याची कबुलीच दिली. तरीही सप्टेंबरपर्यंत कॉन्फोर्टो खेळत राहिला. बाद फेरीच्या एकाही यादीत त्याचे नाव आले नाही. जो निर्णय ऑक्टोबरमध्ये घेतला, तो ऑगस्टमध्ये घेता आला असता. मोठी रक्कम मोजली म्हणून खेळवत राहण्याने मोजलेली रक्कम काही परत येत नव्हती.

प्रश्न : क्रिकेटपटू करुण नायरला स्वतःच्या राज्याने, कर्नाटकाने, वगळले, तेव्हा विदर्भाने त्याला घेतले. बाहेरचा, तोही फॉर्म हरवलेला खेळाडू आणल्याने आमच्याकडच्या एका मुलाची जागा गेलीच ना?
(एक वाचक, ता. दिग्रस, जि. यवतमाळ)

उत्तर : गेली. अकरा जणांत एक बाहेरचा आला की एक आतला कमी होतो, हा हिशेब नाकारण्यात अर्थ नाही. त्या जागेची किंमत वसूल झाली का, एवढेच पाहायचे. २०१६ मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ धावा काढणारा हा फलंदाज डिसेंबर २०२२ मध्ये क्रिकेटकडेच आणखी एका संधीची जाहीर विनवणी करत होता. २०२३-२४ मध्ये तो विदर्भाकडे आला. त्या वर्षी संघ रणजीच्या अंतिम सामन्यात मुंबईकडून हरला. २०२४-२५ मध्ये मात्र नायरने रणजीत ८६३ धावा काढल्या, आणि नागपूरजवळच्या जामठा मैदानावर केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात ८६ व १३५ धावा करून करंडक नागपुरात ठेवला.

त्या सामन्याचा पहिला डाव आठवून पाहावा. दुसऱ्या टोकाला पहिलाच रणजी हंगाम खेळणारा दानिश मालेवार होता. दोघांनी २१५ धावांची भागीदारी केली आणि त्यात मालेवारने स्वतः १५३ धावा काढल्या. त्याच हंगामात यश राठोडच्या ९६० धावा झाल्या आणि हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन स्पर्धेतील एका हंगामातल्या बळींचा विक्रम मोडला. ही तिन्ही मुले आपलीच आहेत. यापूर्वी मुंबईहून विदर्भाकडे आलेल्या वसीम जाफरच्या बाबतीतही असाच अनुभव आला होता. चाळिशी ओलांडलेल्या जाफरने २०१८-१९ मध्ये हजारावर धावा काढल्या, तेव्हा त्याच्या सावलीत कोणी खुरटले नाही.

पुढे २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात नायरला पुन्हा कसोटीची दारे उघडली, पण चार सामन्यांत त्याला २०५ धावाच करता आल्या, आणि नंतर तो कर्नाटकाकडे परतला. विदर्भाचा व्यवहार तोवर पूर्ण झाला होता. तालुक्यांच्या गावी चांगली खेळपट्टी नसल्याने मुले मागे पडतात, ही आपली तक्रार रास्त आहे. पण एका पाहुण्या फलंदाजाला रोखल्याने दिग्रसला खेळपट्टी तयार होणार नाही.

प्रश्न : माझी मुलगी शाळेच्या सॉफ्टबॉल संघात आहे. तिला नेहमी उजव्या आउटफिल्डला उभे करतात. शेजारचे काका म्हणतात की, जिला काही येत नाही तिला तिथे ठेवतात. खरे आहे का?
(एक पालक, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : ताई, शालेय पातळीवर काकांचे म्हणणे पुष्कळदा खरे असते, कारण बहुतेक मुली उजव्या हाताने खेळतात आणि त्यांचे फटके दुसऱ्या बाजूला जातात. खेळाची पातळी चढत जाते तसे चित्र उलटते. उजव्या आउटफिल्डमधून तिसऱ्या बेसपर्यंतची फेक फार लांबची असल्याने तिथे सर्वांत ताकदवान हाताचा खेळाडू लागतो.

आउटफिल्डरची खरी किंमत पाहायची असेल, तर डॉजर्सचाच २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमधील (विश्वविजेतेपदाची अंतिम मालिका) टोरांटोविरुद्धचा सातवा सामना पाहावा. अँडी पाहेस हा आउटफिल्डर फलंदाजीत इतका अपयशी ठरत होता की त्याला बाकावर बसवले होते. ४-४ अशी बरोबरी, नववा म्हणजे शेवटचा नियमित डाव, तिन्ही बेसवर टोरांटोचे धावक, अशा वेळी केवळ क्षेत्ररक्षणासाठी त्याला आत पाठवले. लगेचच खोलवर उडालेला चेंडू त्याने डाव्या आउटफिल्डमधून धावत आलेल्या किके हर्नांडेझवर आदळत झेलला (होय, बेलिंजरच्या खांद्याच्या प्रसंगातला तोच किके). तो झेल सुटता तर सामना तिथेच संपला असता. डॉजर्सने अकराव्या डावात ५-४ असा विजय मिळवला.

मुलीकडून दोन गोष्टींचा सराव करून घ्यावा. चेंडू डोक्यावरून जाईल असे वाटले की तोंड चेंडूकडे ठेवून उलट्या पावलांनी पळायचे नाही. आधी वळून धावायचे आणि खांद्यावरून चेंडूवर नजर ठेवायची. आणि फेक उंच उडवायची नाही, एका टप्प्यात बेसवर पोचेल अशी सपाट टाकायची. घरामागच्या रिकाम्या वावरात कापणीनंतर हा सराव आरामात होतो, फक्त धसकटे आधी वेचून घ्यावीत.