'रिमांड' म्हणजे नेमकं काय? पोलीस 'रिमांडवर घेतात' म्हणजे मारतात का?

नाही. तो अर्थ सिनेमाने चिकटवलाय. आरोपी किती दिवस आणि कुणाच्या ताब्यात राहील, हा दंडाधिकाऱ्याचा आदेश म्हणजे रिमांड. पोलीस फक्त मागतात. अटकेपासून 24 तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) हजर करायचं आणि रिमांड रिपोर्ट द्यायचा. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, थोडक्यात जेल. 'रिमांड होम' हे मुलांचं निरीक्षणगृह, त्याचा इथे संबंध नाही.

रिपोर्टात नुसतं 'सखोल तपास करणे आहे' असेल तर पीसीआरला विरोध करा. काय जप्त करायचंय, कुणाला शोधायचंय, ते लिहिलेलं हवं.

'एमसीआर झाली, आता पोलीस परत नेत नाहीत' हे अजून काही वकीलही छातीठोकपणे सांगतात. सीआरपीसीच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) काळात, पहिले 15 दिवस उलटल्यावर, ते बरोबर होतं: अनुपम कुलकर्णी निकालाने (1992) पीसीआर पहिल्या 15 दिवसांपुरताच ठेवला होता. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) आहे. कलम 187 खाली तेच 15 दिवस तुकड्यातुकड्यांनी, पहिल्या 40 किंवा 60 दिवसांत (गुन्ह्यानुसार) कधीही मागता येतात. मात्र 'पुढे पीसीआर लागेल' एवढ्यावर जामीन नाकारता येत नाही, कलम 480 वाचा.

घोळ होतो तो दिवस मोजताना. दोषारोपपत्राची मुदत 60 दिवस. फाशी, जन्मठेप किंवा 10 वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात 90. मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडच्या तारखेपासून, आणि तो दिवस धरून (कपिल वाधवान निकाल, 2023). 3 जूनला रात्री अटक, 4 जूनला हजर, तर 60 वा दिवस 2 ऑगस्ट. 3 ऑगस्टला कोर्ट उघडताच डिफॉल्ट जामिनाचा (मुदतीत दोषारोपपत्र आलं नाही म्हणून हक्काने मिळणाऱ्या जामिनाचा) अर्ज टाका आणि आवक क्रमांकासोबत वेळही लिहून घ्या. 2 तारखेला टाकला तर मुदतपूर्व म्हणून जाईल. दुपारपर्यंत थांबलात आणि दोषारोपपत्र आधी आलं, तर हक्क गेला. अर्ज आधी पडला असेल तर नंतरच्या दोषारोपपत्राने तो जात नाही, पण जामीनदार तयार ठेवा.

हे साध्या गुन्ह्यांचं झालं. मकोका (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा), यूएपीए (बेकायदा कारवायांविरोधी कायदा) यांमध्ये कोर्ट दोषारोपपत्राची मुदत 180 दिवसांपर्यंत वाढवू शकतं आणि पीसीआर 30 दिवसांपर्यंत जातो.