सेरेंडिब स्कॉप्स घुबड २००१ पर्यंत कुणालाच का दिसलं नाही?

कारण ते जेमतेम साडेसोळा सेंटिमीटरचं, तांबूस रंगाचं आणि पूर्ण निशाचर आहे; दिवसा श्रीलंकेच्या वर्षावनातल्या दाट झुडपांत जमिनीलगतच दडून बसतं. रंग वाळक्या पानांत मिसळतो, आणि इतर स्कॉप्स घुबडांसारखे ठळक कानतुरेही (डोक्यावरचे कानांसारखे दिसणारे पिसांचे तुरे) नाहीत. हाक मात्र लपली नव्हती! श्रीलंकेचे पक्षीतज्ज्ञ दीपल वारकगोडा यांनी १९९५ मध्येच कितुलगलच्या जंगलात एक अनोळखी, हळुवार, एकसुरी साद ऐकली होती. प्रत्यक्ष पक्षी जानेवारी २००१ मध्ये सिंहराजा जंगलात दिसला. सहा वर्षांची ही चिकाटी मला फार मोलाची वाटते. नवी जाती म्हणून शास्त्रीय वर्णन २००४ मध्ये आलं. फक्त ‘दिसत नाही’चं सगळं श्रेय लपण्याला देऊ नका, मुळात त्याची संख्याच कमी आहे, ते संकटग्रस्त आहे.