अ‍ॅड्रेस बार कधी पत्ता उघडतो, कधी शोध का घेतो?

प्रश्न : ब्राउझरच्या वरच्या पट्टीत बँकेचे नाव टाइप केले की कधी थेट बँकेचे संकेतस्थळ उघडते, तर कधी गूगलची यादी समोर येते. दोन्ही वेळा मी तेच लिहितो. मग हा फरक का पडतो? (एक वाचक, सातारा)

उत्तर : पूर्वी बहुतेक ब्राउझरमध्ये पत्त्याची आणि शोधाची अशा दोन वेगळ्या चौकटी असत. २००८ साली आलेल्या क्रोमने त्या एकत्र केल्या आणि हळूहळू इतरांनीही तोच मार्ग धरला. तेव्हापासून आपण लिहिलेला मजकूर पत्ता आहे की प्रश्न, हे ब्राउझरला अंदाजाने ठरवावे लागते. मजकुरात मोकळी जागा असेल तर तो सहसा शोध मानला जातो. मध्ये टिंब असून शेवटी ‘कॉम’, ‘इन’ यांसारखा ओळखीचा प्रत्यय असेल तर पत्ता मानला जातो. नुसत्या एका शब्दाचाही बहुधा शोधच होतो.

आपल्या बाबतीत मात्र खरी करामत ब्राउझरच्या स्मरणाची असावी. आपण पूर्वी तो पत्ता उघडलेला असेल, तर पहिली तीन-चार अक्षरे टाइप करताच उरलेला पत्ता ब्राउझर स्वतःच पुढे लिहितो आणि तेवढा भाग रंगवून दाखवतो. त्या क्षणी एंटर दाबले की संकेतस्थळ उघडते. इतिहास पुसला असेल किंवा संगणक दुसऱ्याचा असेल, तर ही आठवण नसते आणि तीच अक्षरे शोधयंत्राकडे जातात. पुढे लिहिलेला भाग नको असल्यास डिलीट दाबून तो काढता येतो. क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये हमखास शोधच हवा असेल, तर आरंभी प्रश्नचिन्ह आणि मोकळी जागा द्यावी.

बँकेच्या बाबतीत नाव टाइप करून यादीतून निवडण्याची सवय मला धोक्याची वाटते, कारण यादीत सर्वांत वर पुष्कळदा जाहिरात असते. पूर्ण पत्ता लिहावा किंवा बुकमार्क ठेवावा. पान उघडल्यावर सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघांनंतरचा मजकूर पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतच घ्यावा आणि तो उजवीकडून वाचावा. ‘अमुकबँक डॉट केवायसी-अपडेट डॉट कॉम’ या पत्त्याचा मालक ‘केवायसी-अपडेट’ असतो. डावीकडे बँकेचे नाव कोणीही लावू शकतो. रिझर्व्ह बँकेने ‘बँक डॉट इन’ हा प्रत्यय केवळ बँकांसाठी राखून ठेवला असून तो स्वीकारण्यासाठी त्यांना ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती, त्यामुळे ही पारख आता सोपी झाली आहे.

कुलपाच्या चिन्हावर मात्र विसंबू नये. मजकूर वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढेच ते सांगते. पलीकडे बँक आहे की भामटा, हे त्यावरून कळत नाही. हा गैरसमज फार पसरल्यामुळेच क्रोमने २०२३ मध्ये संगणकावरील अ‍ॅड्रेस बारमधून ते कुलूप काढून टाकले.