पुलाच्या कठड्यावर कुणी उभं असेल तर

नाशिकला त्र्यंबक रोडच्या पोलीस अकादमीत कवायत घोटलीस, तसंच हेही घोटून घे. होळकर पुलाच्या कठड्यावर कुणी चढल्याचा ११२ वर कॉल आला, तर सायरन लांबच बंद कर. मोबाइलवाली गर्दी आधी हटव. बोलायचं एकानेच. तुझं नाव सांग, त्याचं विचार, मग ऐक. ‘उतर, नाहीतर...’ हे तोंडातून येताच कामा नये. जीव द्यायचा विचार आहे का, हे सरळ विचार. विचारल्याने तो बळावत नाही. तास लागला तरी लागू दे, माणूस हाती लागतो. आणि मानसिक आजारी माणसाला कोठडीत ठेवायचं नाही, २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाच तसा आहे. घरच्यांना टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर लिहून दे.