जळगावहून युरोपात पीएचडीला: धातूंच्या औषधांवर काम करायचं असेल तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगावच्या विद्यापीठातून इनऑरगॅनिकमध्ये एमएस्सी झाली आहे. प्रोजेक्टमध्ये तांब्याची सहा शिफ बेस कॉम्प्लेक्स (धातू आणि त्याला धरणारा सेंद्रिय रेणू, म्हणजे लिगंड, यांची संयुगं) केलीत आणि जिवाणूंवर झोन ऑफ इनहिबिशन (जिवाणू वाढत नाहीत ते वर्तुळ) काढलं. आता कॅन्सर आणि सूज यांवरच्या धातूंच्या औषधांवर जर्मनीत किंवा आसपास पीएचडी करायची आहे. अर्ज कुठे करू, काय शिकून येऊ, कागदपत्रं कोणती लागतात, पुढे नोकरीचं काय?

क्रम थोडा बदलून सांगतो. अर्जाआधीचं खरं काम जळगावातच होतं, आणि बहुतेक जण तेच सोडून देतात.

इकडे युरोपातल्या गटप्रमुखाला (संशोधन गट चालवणाऱ्या प्राध्यापकाला) "नवीन कॉम्प्लेक्स केलं, आयसी५० चांगली आली" अशा मेल ढिगाने येतात (आयसी५० म्हणजे निम्म्या पेशी थांबवायला लागणारं प्रमाण). त्या वाचून त्याच्या मनात एकच शंका येते: पेशीपर्यंत जे पोचलं ते तुमचं कॉम्प्लेक्सच होतं का? बाटलीतली हिरवी पावडर एक, आणि ३७ अंशांच्या माध्यमात २४ तासांनी जे उरतं ते दुसरंच असू शकतं. तांब्याच्या बाबतीत तर हे हमखास घडतं. माध्यमातलं हिस्टिडीन, सिस्टीन आणि सीरममधलं अल्ब्युमिन तांबं ओढून घेतात. शिफ बेसचा इमाइन बंध पाण्यात तुटून परत अल्डिहाइड आणि अमाइन मिळू शकतात. मग पेशी मरतात त्या लिगंडमुळे, सुट्या तांब्यामुळे की अल्डिहाइडमुळे, हे सांगता येत नाही. या प्रश्नाचं उत्तर तुमच्या सहापैकी एका कॉम्प्लेक्सपुरतं जरी दिलंत, तरी अर्ज वाचला जाईल.

यासाठी यूव्ही-व्हिजिबल यंत्र पुरतं, आणि ते तुमच्याकडे आहेच. कॉम्प्लेक्सचं डीएमएसओमध्ये (पाण्यात न विरघळणारी संयुगं विरघळवणारा द्रावक) १० मिलिमोलर स्टॉक करा. त्यातून पीएच ७.४ च्या फॉस्फेट बफरमध्ये ५० मायक्रोमोलर द्रावण बनवा, म्हणजे २०० पट पातळ. अशाने डीएमएसओ अर्धा टक्का राहतं. ३७ अंशांना ठेवून ०, १, ४, २४ आणि ४८ तासांनी २५० ते ८०० नॅनोमीटर स्पेक्ट्रम घ्या. ३५० ते ४२० च्या दरम्यानचा पट्टा (शोषणाचं शिखर) बघा. तांब्याचा ६०० च्या पुढचा डी-डी पट्टा ५० मायक्रोमोलरला दिसणारच नाही, त्यासाठी काही मिलिमोलर लागतं. पट्टा हळूहळू सुट्या लिगंडच्या जागी सरकला तर धातू निसटलाय. ६०० ते ८०० मध्ये बेसलाइनच वर चढली तर गाळ बसतोय, आणि तो कॉपर फॉस्फेटचाही असू शकतो. मग हाच प्रयोग २ मिलिमोलर ग्लुटाथायोन (पेशीतला गंधकयुक्त रेणू) घालून परत करा. पेशीच्या आत ते १ ते १० मिलिमोलर असतं आणि तांबं (दोन) ला तांबं (एक) करून टाकतं.

एक खास खान्देशी सूचना. पेपरात "रूम टेंपरेचर" म्हणजे २०-२५ अंश. मे महिन्यात जळगावच्या लॅबमध्ये एसी नसेल तर टेबलावर ४० च्या वर जातं आणि वॉटर बाथ ३७ ला थंड कसा ठेवायचा हाच प्रश्न होतो. तापमान मोजून वहीत लिहा. उन्हाळ्यात घेतलेलं आणि डिसेंबरात घेतलेलं अशी दोन स्पेक्ट्रम जुळली नाहीत तर कारण तिथेच सापडतं.

आता डीएमएसओबद्दल. सिसप्लॅटिन हे प्लॅटिनमचं जुनं कॅन्सर औषध. त्याची आयसी५० लोक सर्रास डीएमएसओत विरघळवून काढतात आणि आपल्या कॉम्प्लेक्सशी तुलना करून "सिसप्लॅटिनपेक्षा सरस" लिहितात. डीएमएसओ सिसप्लॅटिनमधल्या क्लोराइडची जागा गंधकाने घेतं आणि औषध निकामी होतं. संदर्भ औषधच मारून टाकल्यावर आपलं कॉम्प्लेक्स जिंकणारच! सिसप्लॅटिन ०.९ टक्के सलाइनमध्ये विरघळवायचं, १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे साधारण ३.३ मिलिमोलर. ताजं करायचं, उजेडापासून लांब ठेवायचं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, गारव्यात ते खाली बसतं. सलाइन यासाठी की त्यात १५४ मिलिमोलर क्लोराइड असतं. रक्तात ते १०० च्या आसपास असतं, पेशीत बरंच कमी. पेशीत शिरल्यावर क्लोराइड सुटून पाणी जोडलं जातं आणि मग प्लॅटिनम डीएनएच्या ग्वानिनला धरतं. हे औषध चालतंच या फरकावर.

सिसप्लॅटिन स्वतः एकदा करून बघायला मिळालं तर सोडू नका. पद्धत धारा यांची, १९७० ची, 'इंडियन जर्नल ऑफ केमिस्ट्री'मध्ये आलेली. आजही जगभर हीच वापरतात. पोटॅशियम टेट्राक्लोरोप्लॅटिनेटच्या लालसर द्रावणात जादा पोटॅशियम आयोडाइड घातलं की ते गडद तपकिरी होतं. अमोनिया घातल्यावर पिवळा सिस-डायआयोडो गाळ येतो. तो धुवा, अमोनिया पूर्ण जाईपर्यंत धुवा. पुढच्या पायरीत सिल्व्हर नायट्रेट येतं, आणि चांदी-अमोनियाचं द्रावण पडून राहिलं तर त्यात स्फोटक बनतं. सिल्व्हर नायट्रेट दोन इक्विव्हॅलंटपेक्षा किंचित कमीच घ्या, नाहीतर उरलेली चांदी शेवटच्या मालात येते आणि तिची विषबाधा तुमच्या आयसी५० मध्ये मिसळते. सिल्व्हर आयोडाइड गाळून टाका, पोटॅशियम क्लोराइड घाला, पिवळं सिसप्लॅटिन बसतं. ट्रान्स (त्याच अणूंची वेगळी मांडणी) मिसळलंय का ते कुर्नाकॉव्ह चाचणीने कळतं: थायोयुरिया घातल्यावर सिसचं द्रावण गडद पिवळं होतं, ट्रान्सचे पांढरे सुईसारखे स्फटिक पडतात. शुद्धतेसाठी सीएचएन विश्लेषण (कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजनचं प्रमाण) सूत्रावरून काढलेल्या आकड्याच्या ०.४ टक्क्यांच्या आत यावं. तुमच्याकडे सोय नसेल तर आयआयटी मुंबईच्या सॅफकडे (यंत्रांचं सामायिक केंद्र) नमुना पाठवता येतो.

पेशींच्या चाचण्या तुमच्या लॅबमध्ये होत नसल्या तरी त्यांचे खाचखळगे माहीत असू द्या. मुलाखतीत तेच विचारतात. ९६ खाचांची प्लेट, एका खाचेत साधारण ५,००० पेशी, एक दिवस चिकटू द्यायच्या, ७२ तास औषध, मग एमटीटी (जिवंत पेशी ज्याला जांभळं करतात ते रंगद्रव्य) आणि ५७० नॅनोमीटरला वाचन. कडेच्या खाचांमधलं पाणी उडतं म्हणून तिथे फक्त बफर भरतात. रंगीत कॉम्प्लेक्स ५७० ला स्वतःच शोषतं. काही कॉम्प्लेक्स पेशी नसतानाही एमटीटी जांभळं करतात. म्हणून पेशीविरहित खाच हवीच, आणि शंका आली तर एसआरबी पद्धत (पेशीतल्या प्रथिनांना रंग देऊन मोजणं). खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र) एसआरबी चाचणी करून मिळते, महाराष्ट्रातल्या बऱ्याच प्रबंधांतले आकडे तिथलेच असतात. मात्र नुसतं कॉम्प्लेक्स पाठवू नका. सुटं लिगंड, कॉपर क्लोराइड आणि दोघांचं १:१ ताजं मिश्रण, हे तिन्ही पाठवा. मिश्रण आणि कॉम्प्लेक्स सारखंच वागलं तर ते अपयश समजू नका, तोच तुमच्या कामाचा निष्कर्ष आहे.

सुजेवरचं काम अजून निसरडं आहे. आपल्याकडे अल्ब्युमिन डिनेचरेशनची चाचणी करून ६६० नॅनोमीटरला गढूळपणा मोजतात आणि "अँटी-इन्फ्लमेटरी" लिहून मोकळे होतात. धातू अल्ब्युमिनला स्वतः चिकटतो, गढूळपणा कमी-जास्त करतो, त्यामुळे या आकड्याला माझ्या मते काही किंमत नाही. अर्जात तो घालू नका. इकडे निदान रॉ २६४.७ पेशींना (उंदराच्या भक्षक पेशी) एलपीएस (सूज चेतवणारा जिवाणूंचा घटक) देऊन, त्यांनी बनवलेल्या नायट्रिक ऑक्साइडपासून आलेलं नायट्राइट ग्रीस पद्धतीने (रंग आणणारी चाचणी) ५४० ला मोजतात. त्यातही दोन खोडी आहेत. मेलेली पेशी नायट्रिक ऑक्साइड बनवत नाही, म्हणून आधी त्याच मात्रेत पेशी जिवंत आहेत हे दाखवावं लागतं. आणि कॉम्प्लेक्स ग्रीसच्या रंगातच लुडबुड करू शकतं, म्हणून सोडियम नायट्राइटच्या स्टँडर्डमध्ये ते घालून आकडा हलतो का ते बघतात.

या बाजूला खरं औषध झालेला धातू म्हणजे सोनं. फॉरेस्टिए यांनी १९२९ मध्ये संधिवातावर सोन्याचे क्षार वापरले, आणि ऑरॅनोफिन ही तोंडावाटे घ्यायची गोळी अमेरिकेत १९८५ साली मान्य झाली. दिवसाला ६ मिलिग्रॅम, परिणाम दिसायला महिने, त्रास मुख्यतः जुलाबांचा. मेथोट्रेक्सेट आल्यावर ती मागे पडली. पण सोनं थायोरेडॉक्सिन रिडक्टेज या एन्झाइममधल्या सेलेनोसिस्टीनला घट्ट धरतं असं कळल्यावर कॅन्सरसाठी तिच्यावर परत काम सुरू झालं. जळगावच्या सराफ बाजारात वाढलेल्यांना हे सांगायला बरं वाटतं, पण लॅबमध्ये सोनं येतं ते टेट्राक्लोरोऑरिक आम्लाच्या पिवळ्या, पाणी ओढणाऱ्या स्फटिकांत. त्यातलं निम्मं वजन सोन्याचं. स्टीलचा चमचा लावला की धातूचं सोनं तिथेच सुटतं, म्हणून प्लास्टिकचा वापरायचा. आणि घरातल्या कुणी सुवर्णभस्माबद्दल विचारलं तर सरळ सांगा की ऑरॅनोफिन हा ठरलेला रेणू आहे, भस्म नाही. एकाचे निष्कर्ष दुसऱ्याला लावता येत नाहीत.

रुथेनियमबद्दल (प्लॅटिनमच्या घराण्यातला धातू) फार हुरळून जाऊ नका. त्याची दोन कॉम्प्लेक्स, ट्रिएस्टचं नामी-ए आणि व्हिएन्नाचं केपी१०१९ माणसांपर्यंत पोचली, बाजारात आली नाहीत. नामी-ए फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये पुरेसं चाललं नाही. केपी१०१९ नीट विरघळत नव्हतं, म्हणून त्याचा सोडियम क्षार पुढे आला.

आता गट. व्हिएन्ना विद्यापीठात केप्लर यांची परंपरा, लोझानला डायसन, पॅरिसला गासेर, ब्राउनश्वाइगला ओट यांचं सोन्याचं काम, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात कासिनी, इंग्लंडात वॉरिकला सॅडलर. नावं बघून अर्ज करू नका. गेल्या दोन वर्षांतले पेपर वाचा आणि प्राध्यापक निवृत्तीला किती वर्षं आहेत तेही बघा. जर्मनीत पासष्टी-अडुसष्टीला गट बंद होतो आणि तुम्ही मधेच अडकता. मेल एका पानाची: तुम्ही त्यांच्या कुठल्या पेपरातला कुठला मुद्दा पुढे नेऊ शकता, आणि वर सांगितलेल्या स्थिरतेच्या प्रयोगाची एकच आकृती. सहाही कॉम्प्लेक्सचे आयआर स्पेक्ट्रम जोडू नका. मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या (युरोपियन युनियनच्या पैशातून चालणाऱ्या पीएचडीच्या) जागा जरूर बघा. त्यांची अट अशी की गेल्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं, आणि जळगावहून येणाऱ्याला ती सहज जमते.

जर्मनीत पीएचडी बहुतेक वेळा नोकरीच असते. करार टीव्ही-एल ई१३ श्रेणीचा (जर्मन राज्यांची सरकारी पगारश्रेणी), रसायनात साधारण ५० ते ७५ टक्के हिश्शाचा. काम मात्र पूर्ण वेळ धरून चाला. असा पगारी करार हातात असेल तर ब्लॉक अकाउंटमध्ये (राहण्याच्या खर्चाचा पुरावा म्हणून जर्मन खात्यात) पैसे अडकवावे लागत नाहीत. शिक्षणाच्या व्हिसासाठी एपीएस (भारतीय पदव्या तपासणारं) प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे. तुमचा व्हिसा कोणत्या प्रकारचा होईल हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला लेखी विचारा, मगच फी भरा. मार्कशीट आणि ट्रान्सक्रिप्टच्या प्रती परीक्षा विभागाकडून आताच काढून ठेवा. पीएचडीच्या जागेसाठी एजंट लागत नाही. जळगाव-नाशिकला कुणी लाखभर मागितले तर उठून यायचं.

नोकरीचं म्हणाल, तर धातूंची कॅन्सर औषधं करणाऱ्या कंपन्या मोजक्या आहेत. जागा निघतात त्या रेडिओफार्मसीत (किरणोत्सारी औषधं बनवण्यात): ल्युटेशियम-१७७, अर्धायुष्य साडेसहा दिवसांच्या थोडं वर, आणि गॅलियम-६८, अर्धायुष्य ६८ मिनिटं. तिथे धातूला डोटासारख्या चिमट्यात (किलेटरमध्ये, म्हणजे धातू धरून ठेवणाऱ्या रेणूत) पक्का बसवणं हेच काम असतं, आणि चिमटा सुटतो का ही तुमचीच चाचणी. त्यामुळे पीएचडीत किलेटर आणि आयसीपी-एमएस (धातूचं सूक्ष्म प्रमाण मोजणारं यंत्र) शिकायची संधी आली तर रुथेनियम सोडून ती घ्या.

सामानात काळा मसाला, कळण्याचं पीठ आणा, चालतं. पेढे, तूप नको, दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनच्या विमानतळावर काढून घेतात. आणि आपल्या कॉम्प्लेक्सच्या बाटल्या बॅगेत घालून आणू नका. बिनलेबलची पावडर कस्टमला समजावता येत नाही आणि इथल्या सुरक्षा अधिकाऱ्यालाही नाही. हव्याच असतील तर इकडच्या गटाला सांगा, ते विद्यापीठामार्फत कागदपत्रांनिशी मागवतील. नाहीतर लिगंडची कृती वहीत नीट लिहून आणा, प्रमाणं आणि तापमानासकट, आणि इथे आल्यावर पुन्हा करा.