अ‍ॅडमिट पेशंटसाठी फिजिशियनने हृदयरोगतज्ज्ञांना बोलावलं, तर पुढची जबाबदारी कोणाची?

जबाबदारी फिजिशियनचीच राहते. हृदयरोगतज्ज्ञ येऊन तपासतात आणि मत देतात, एवढ्याने पेशंट त्यांच्याकडे जात नाही. याला रेफरन्स म्हणतात. फिजिशियन केसपेपरवर नेमका प्रश्न लिहितात, उदाहरणार्थ 'न्यूमोनिया सुधारतोय, पण नाडी अनियमित झाली आहे, रक्त पातळ करणारं औषध सुरू करावं का?' तज्ज्ञ आपलं मत त्याच फाइलमध्ये लिहून जातात. नुसतं 'हृदय तपासावे' असं लिहिलेला रेफरन्स जवळजवळ निरुपयोगी असतो, कारण विचारायचंय काय तेच त्यातून कळत नाही.

सगळी सूत्रं एकाच डॉक्टरकडे ठेवण्यामागे ठोस कारण आहे. सूज उतरावी म्हणून हृदयरोगतज्ज्ञ लघवी वाढवणारं औषध वाढवायला सांगतात, तर क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) चढतंय म्हणून किडनीतज्ज्ञ तेच कमी करायला सांगतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, पण अंतिम डोस कुणीतरी एकानेच ठरवायला हवा.

हृदयाचाच आजार मुख्य ठरला तर मात्र पेशंट ट्रान्सफर होतो: दोन्ही डॉक्टर आपसात बोलतात, तज्ज्ञ पेशंट स्वीकारतात आणि तशी नोंद होते. तुमच्या बाबतीत नक्की काय झालंय हे वॉर्डातल्या सिस्टरांना सरळ विचारा, फाइल पाहून त्या सांगतील.

हार्ट अटॅक किंवा पक्षाघाताची शंका असेल तर हा क्रम बदलतो. तेव्हा थेट फोन जातो आणि कागद नंतर होतो.